बारा संगणक आणि एक माणूस

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात बारा संगणक आहेत, २०१४ साली अनुदानातून घेतलेले. पावसाळ्याच्या तोंडावर कार्यकारिणीची बैठक झाली, तेव्हा चिटणीसांनी त्यांच्याबद्दल आलेलं एक पत्र वाचून दाखवलं. देखभालीचं काम बघणाऱ्या पुरवठादाराचं पत्र. बाराही मशीनवर विंडोज ११ चढत नाही, विंडोज १० चा आधार संपलेला आहे, तेव्हा सगळी मशीनं भंगारात काढून नवी घ्यावीत, असा मजकूर आणि सोबत दरपत्रक. आकडा ऐकून खोलीत शांतता पसरली. तेवढ्या पैशांत वाचनालयाची कित्येक वर्षांची पुस्तकखरेदी झाली असती.

मी वीस वर्षं डीटीपीचं दुकान चालवतो, म्हणून अध्यक्षांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तू सांग रे, ही मशीनं खरंच मेलीत का?"

मेलेली नव्हती. त्यांना कुणीतरी मेलेली ठरवलं होतं, आणि तसं ठरवण्याचा अधिकार आपण कुणाला देऊन बसलो आहोत, हा प्रश्न त्या बैठकीपासून माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, चर्चा बहुतेक वेळा आवडीनिवडीची असते. एक म्हणतो विंडोज सोपं, दुसरा म्हणतो मॅक देखणं, तिसरा लिनक्सचा, म्हणजे फुकट मिळणाऱ्या आणि उघड्या कोडच्या सिस्टिमचा, झेंडा घेऊन उभा. घरच्या मशीनवर कुणी काय घालावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. शाळा, वाचनालय, पंचायत ही मात्र लोकांच्या पैशावर चालणारी ठिकाणं. तिथे मी दोनच गोष्टी आधी विचारीन. मशीन अडलं तर गावात कुणाच्या हाताने सुटेल? आणि आज लिहिलेलं उद्या कुणाची परवानगी न घेता उघडेल का? परवान्याची किंमत या दोन्हींनंतर. या कसोटीवर आपल्या बहुतेक शाळा-वाचनालयांसाठी लिनक्स योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. त्याला एक अट आहे, आणि ती पाळायची नसेल तर त्या वाटेला जाऊच नये, असंही माझं तितकंच ठाम मत आहे.

आधी त्या पत्राविषयी. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला सुरक्षा-दुरुस्त्या देणं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवलं, हे खरं. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा, हेही खरं. आमची मशीनं चौथ्या पिढीच्या आय-थ्रीची. नियमात बसत नाहीत. पण त्याच मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी आणखी एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत दिली आहे, आणि शैक्षणिक संस्थांना तीन वर्षांची. शाळेला दर मशीनमागे पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार. पत्रात यातलं अक्षरही नव्हतं. गोव्यातल्या किती शाळांना असंच पत्र गेलं असेल आणि किती मुख्याध्यापकांनी त्यावर विश्वास ठेवून फाइल पुढे सरकवली असेल, या विचाराने मी अस्वस्थ होतो.

यावर कुणी म्हणेल, दुरुस्त्या नसल्या म्हणून काय झालं, मशीन तर चालतंय. हे मात्र चुकीचं आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, इंग्लंडमधली सरकारी इस्पितळं अडकून पडली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेली होती. ती न घातलेली मशीनं आडवी झाली. ज्या संगणकावर गावातली माणसं आधार, बँक, मुलांचे प्रवेश-अर्ज भरतात, तो विनादुरुस्तीचा ठेवणं म्हणजे दाराला कडी न लावता झोपणं.

तर बारापैकी एक मशीन मी दुकानात आणलं. झाकण उघडलं तेव्हा आत दहा-बारा पावसाळ्यांची धूळ ओल खाऊन नमद्यासारखी बसली होती. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवेत मीठ असतं, आणि या दोहोंचा पहिला मार रॅमच्या, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, पट्टीवर बसतो. तिच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढतो आणि मशीन नुसतं बीप-बीप करत बसतं. कितीतरी मशीनं एवढ्यावरच भंगारात जातात. उपाय सगळ्या मेकॅनिकांना ठाऊक आहे. रॅम काढायची, शाळेच्या पोरांचं पांढरं खोडरबर घ्यायचं, दात दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसायचे आणि पट्टी टक्क आवाज येईपर्यंत परत बसवायची. एवढं केलं, जुनी हार्ड डिस्क काढून एक छोटी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, लावली आणि लिनक्सचा मिंट हा प्रकार घातला. मिंटला किमान दोन जीबी रॅम लागते, चार असली की बरं. आमच्या मशीनला चार होती. सुरू व्हायला आधी चहा पिऊन होत असे, आता खुर्ची पुढे ओढेपर्यंत पडदा येतो. ज्या २२ व्या आवृत्तीचं मिंट घातलं, तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लिनक्सही सगळ्या म्हाताऱ्या मशीनना कायमचं पोसत नाही. बत्तीस-बिटच्या फार जुन्या मशीनना उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारानं केव्हाच निरोप दिला, मिंटनंही. डेबियन या आणखी एका प्रकाराच्या २०२५ मधल्या आवृत्तीपासून तीही वाट बंद झाली. फरक हा की तिथे हद्द पुष्कळ मागे आहे, आणि ती ओढली जाते तेव्हा कारण उघडपणे मांडलेलं असतं.

आता विंडोजची बाजू. ती मी कमी लेखणार नाही, माझं पोट त्याच्यावर चाललं आहे. म्हापशाच्या बाजारातल्या दुकानदाराला हिशेबासाठी टॅली हवं, आणि टॅली विंडोजवरच नीट चालतं. जीएसटीचं ऑफलाइन साधन विंडोजसाठीच बनवलेलं. डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालवता येतं, पण ज्या दिवशी निविदा भरायची शेवटची तारीख असते त्या दिवशी ते चालेलच असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगणार नाही. बोटाचे ठसे घेणारी यंत्रं, छोटे लेझर प्रिंटर, शिक्के कापायची मशीनं, सगळ्यांची सीडी विंडोजची. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला जाणाऱ्या मुलासमोर पहिल्या दिवशी जे टेबल येतं, त्यावर विंडोज आणि एक्सेल असतं. ज्याचं रोजचं काम या गोष्टींवर आहे त्याला लिनक्सवर जा म्हणणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं. लिनक्सचे काही चाहते हे मान्य करत नाहीत. त्यांच्या उत्साहाविषयी मला आदर आहे, पण यात ते लोकांचं नुकसान करतात.

किमतीचा मुद्दाही आपण समजतो तसा नाही. छोट्या गावात विंडोज विकत घेतो कोण? दुकानदार 'फॉरमॅट मारतो', सोबत क्रॅक केलेलं विंडोज आणि ऑफिस घालून देतो, दोन-तीनशे रुपयांत काम होतं. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हिशेबी विंडोजही फुकटच. म्हणून 'लिनक्स फुकट आहे' हे वाक्य ऐकून आपल्याकडे कुणी हलत नाही. पण त्या क्रॅकबरोबर काय काय आत येतं ते आम्हाला माहीत आहे. लग्नसराईत गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर पेन ड्राइव्हवर आणतं, लावला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले आणि खऱ्या फाइल गायब. त्या फाइल आत लपलेल्या असतात. माझ्या लिनक्सच्या मशीनवर तोच पेन ड्राइव्ह लावला की शॉर्टकट निर्जीव पडून राहतात आणि लपलेलं सगळं समोर दिसतं. गेली कित्येक वर्षं दुकानात येणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह मी आधी तिथेच लावतो. शाळेनं आणि वाचनालयानं क्रॅक वापरूच नये. मुलांना चोरीचा माल वापरायची पहिली सवय सरकारी लॅबमध्ये लागावी, हे मला सहन होत नाही.

आता दुसरी कसोटी, लिखाण आणि परवानगी. दोन वर्षांमागे एक निवृत्त शिक्षिका रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आल्या. आम्ही त्यांना बाई म्हणतो, त्यांनी मला चौथीत शिकवलं आहे. त्यांच्या लॅपटॉपनं एका अपडेटनंतर निळा पडदा दाखवला आणि अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागितली. विंडोज ११ मध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागतं, आणि त्याची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसते. कल्पना चांगली आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आतलं काही दिसत नाही. पण बाईंचं खातं कुठलं? त्यांना ईमेलच नव्हता. सुरुवातीला खातं मागितलं गेलं, तेव्हा ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला तिथल्या पोरानं स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलं होतं. तो पोरगा दुकान सोडून बोटीवर नोकरीला गेलेला. बाईंनी तीन वर्षं खपून लिहिलेल्या सत्तरी तालुक्यातल्या ओव्या, धालो, फुगड्यांच्या गाण्यांची टिपणं त्या डिस्कवर होती. पोराच्या आईकडून नंबर घेतला, बोट बंदराला लागेपर्यंत वाट पाहिली आणि एकोणिसाव्या दिवशी व्हॉट्सॲपवर तो आकडा आला. मी एकेक अंक वाचत होतो, बाई टाइप करत होत्या, आणि त्यांची बोटं थरथरत होती.

लिनक्सवरही डिस्कला कुलूप लावता येतं, आणि त्याचा परवलीचा शब्द विसरलात तर तिथे बोटीवरचा पोरगाही नाही. मग फरक काय? तिथे कुलूप लावायचं का, हे मशीन बसवताना तुम्हाला विचारलं जातं, किल्ली तुमच्याकडे असते आणि ती तुमच्याकडे आहे हे तुम्हाला माहीत असतं. बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. मोठ्यांचीही गत निराळी नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांमुळे मायक्रोसॉफ्टनं नायरा एनर्जी या कंपनीच्या ईमेल वगैरे सेवा अचानक बंद केल्या. गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरणाचा केवढा कारखाना आहे त्यांचा. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग काही दिवसांत सेवा परत मिळाल्या. नायराला न्यायालयात जाता आलं. बाई कुठे जाणार होत्या?

पण परवानगीचा सगळ्यात जुना आणि खोल फास मायक्रोसॉफ्टनं लावलेला नाही, तो आपणच स्वतःच्या गळ्यात घालून घेतला आहे. तो फॉन्टचा.

मागच्या वर्षी एका देवस्थानाच्या मंडळींनी जत्रेचं २००४ चं पत्रक आणलं. त्यातली मानकऱ्यांची नावं आणि पालखीचा क्रम तसाच ठेवून नवं छापायचं होतं. फाइल पेजमेकरची. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तरी गोव्यातल्या कितीतरी छापखान्यांत ते अजून चालतं. फाइल उघडली आणि देवाच्या नावाच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेल्या परदेशी अक्षरांची रांग. त्या काळी प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरची स्वतःची कळ-जुळणी होती. पडद्यावर 'क' दिसला तरी फाइलमध्ये 'क' नसायचा, इंग्रजीतलं कुठलंतरी चिन्ह असायचं आणि त्यावर 'क' चा मुखवटा. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. त्या फॉन्टचं सॉफ्टवेअर चालायला एक डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेली छोटी खुंटी, लागायचं, ते जुन्या प्रिंटरच्या पोर्टात बसायचं, आणि तसा पोर्ट आता मशीनला नसतो. शेवटी छापील पत्रक समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप केलं. मराठी आणि कोंकणी दोघींचंही यात सारखंच नुकसान झालं आहे. लिपी एक, कपाटंही एकच. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेसाठी तीस वर्षांत टाइप झालेल्या संहिता, दशावताराची आख्यानं, गावोगावच्या संस्थांच्या स्मरणिका अशा कुलुपांत अडकून पडल्या आहेत.

प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडनं हा प्रश्न सोडवला, आणि त्यात सगळ्या सिस्टिमनी आपापलं काम केलं हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. विंडोज २००० पासून देवनागरी मुळातच येते. मॅकवर मराठी सुरेख दिसते. लिनक्सवर लोहित, नोटो हे फॉन्ट तयार असतात. इन्स्क्रिप्ट ही कळ-मांडणी आपल्या सरकारनं १९८० च्या दशकात ठरवली, ती तिन्हींवर एकसारखी आहे. वाचनालयात सातवीतली एक मुलगी 'दऱ्या' टाइप करायला अडली होती, तिला प्रत्येक वेळी 'दर्या' येत होतं. मी तिला शिफ्ट दाबून 'र' ची कळ दाखवली, म्हणजे 'ऱ', मग पाय मोडायची कळ, मग 'य'. पडद्यावर ती चंद्रकोरीसारखी रेघ उमटली. "काका, हे पुस्तकातल्यासारखं आलं!" म्हणाली, आणि लगेच 'वाऱ्यावर', 'सुऱ्या', 'पायऱ्या' टाइप करत सुटली. तिच्यासमोर लिनक्स आहे हे तिला ठाऊक नव्हतं, ठाऊक असायची गरजही नव्हती. उद्या ती हीच फाइल कुठल्याही मशीनवर उघडेल. म्हणून सिस्टिमच्या वादाआधी माझी एक मागणी आहे: सार्वजनिक पैशातून टाइप होणारं प्रत्येक मराठी-कोंकणी अक्षर युनिकोडमध्येच असलं पाहिजे, आणि हे कामाच्या करारातच लिहून घेतलं पाहिजे. हे झालं तर पुढे सिस्टिम बदलणं निम्म्याने सोपं होतं.

मॅकविषयी फार लिहीत नाही. संगीताचं, चित्रफितींचं काम करणारे माझे मित्र त्यावर सुखी आहेत, आणि ॲपलनं २०२० पासून स्वतःच्या चिप लावल्यावर ती मशीनं थंड आणि वेगवान झाली आहेत. पण रॅम बोर्डावरच डकवलेली, खोडरबर लावायची सोय नाही. शिवाय इंटेलच्या जुन्या मॅकना २०२५ ची आवृत्ती शेवटची, हे ॲपलनं सांगून टाकलं आहे. वाचनालयाच्या खिशात ते बसत नाही, विषय संपला. क्रोमबुक मुलांसाठी सोपं आहे, देखभाल जवळजवळ नाही, पण सगळं इंटरनेट आणि गूगलच्या खात्यावर. आमच्याकडे पावसात एक माड तारांवर पडला की दोन दिवस नेट नसतं.

आता ती अट. लिनक्सला माणूस लागतो.

जर्मनीतल्या म्युनिक शहराची गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने सांगतात. महापालिकेनं २००३-०४ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत जवळपास पंधरा हजार संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. विंडोजवाले म्हणतात, बघा, फसलं. लिनक्सवाले म्हणतात, राजकारण झालं. मला त्यात एवढंच दिसतं की इतक्या श्रीमंत शहरालाही ही गोष्ट एकदा करून विसरता आली नाही. उलट केरळ घ्या. तिथल्या सरकारी शाळांत गेली जवळपास वीस वर्षं मुलं लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर शिकतात. संगणकाचा पेपरही त्यावरच. हे टिकलं कारण त्यांनी मशीनआधी शिक्षक तयार केले, पुस्तकं स्वतः लिहिली, आणि राज्याची एक संस्था कायमची पाठीशी उभी केली, जी आज काइट नावाने चालते. आपल्याकडेही हे नवं नाही. २००० च्या सुमारास परदेशातल्या गोंयकारांनी वापरलेले संगणक गोळा करून इथल्या शाळांना पाठवले, तेव्हा त्यावर लिनक्स घालायचा प्रयत्न काही तळमळीच्या लोकांनी केला होता. पुढे पर्रीकरांच्या काळात सायबरएज योजनेतून विद्यार्थ्यांच्या घरोघरी संगणक पोचले. मशीन देण्यात गोवा मागे नव्हता. दिलेल्या मशीनजवळ उभा राहणारा माणूस मात्र आपण कधीच नीट नेमला नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगालाही हा धडा मिळाला आहे. मार्च २०२४ मध्ये उघड झालं की जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरवाट घुसवली आहे. ते सॉफ्टवेअर एक दमलेला माणूस स्वतःच्या वेळात सांभाळत होता. चोरानं दोनेक वर्षं मदतीचा हात देत त्याचा विश्वास मिळवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्यानं पिच्छा पुरवला, म्हणून जग वाचलं. सगळा कोड उघडा होता म्हणून ते पकडता आलं, हे खरंच. पण तो फुकट कोड ज्याच्या खांद्यावर होता, त्या माणसाकडे कुणी बघितलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

नोकरीचा आक्षेप पालकांकडून हमखास येतो. मुलाला विंडोज आलं नाही तर? मी वीस वर्षांत शेकडो मुलांना टायपिंग शिकवलं. ज्याला फाइल आणि फोल्डर म्हणजे काय हे कळलं, तक्त्यात बेरीज आपोआप का होते हे कळलं, त्याला एका आठवड्यात दुसरी सिस्टिम येते. ज्यानं कुठल्या कोपऱ्यातलं बटण दाबायचं एवढंच पाठ केलं, तो विंडोजचीच नवी आवृत्ती आली की गडबडतो. विंडोज ११ मध्ये स्टार्ट बटण डावीकडून मध्ये सरकलं, तेव्हा माझ्याकडे मोठमोठ्या कचेऱ्यांतली माणसं विचारायला आली होती. तरीही आक्षेप पूर्ण खोटा नाही. म्हणून लॅबमध्ये एक-दोन मशीन विंडोजची, रीतसर परवान्याची असावीत. टॅली शिकवायचं असेल तर ते तिथेच शिकवावं.

आमच्या वाचनालयानं हेच केलं. अकरा जुन्या मशीनवर मिंट घातलं. बाराव्याचा मदरबोर्ड खरंच गेला होता, त्याचे सुटे भाग बाकीच्यांच्या कामी आले. त्या जागी एक नवं विंडोजचं मशीन घेतलं, अर्ज भरणं, सहीचं टोकन आणि टॅली यांसाठी. प्रिंटरनं मात्र मला पंधरा दिवस छळलं, लिनक्सवर तो धड चालेना, शेवटी तोही विंडोजच्या मशीनला जोडला. आणि गावातलीच, पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा झालेली एक मुलगी आठवड्यातून दोन संध्याकाळी मानधनावर येते. दुरुस्त्या घालणं, मुलांना बसवून शिकवणं, सगळ्यांच्या फाइलचा बॅकअप घेणं तिच्याकडे. पुरवठादाराच्या दरपत्रकातल्या रकमेत तिचं मानधन कितीतरी वर्षं निघेल.

अडचण नेमकी इथेच आली. आम्हाला मिळणारं अनुदान वस्तू घेण्यासाठी आहे. बारा नवी मशीनं घेतली असती तर हिशेब एका दिवसात मंजूर झाला असता. त्याच रकमेचा छोटा भाग मानधनावर टाकला तर हिशेब तपासणाऱ्यांनी लाल शाईने विचारलं, हा खर्च कुठल्या सदराखाली? सदरच नाही. चालणारी मशीनं फेकून नवी आणायला सरकारी नियमांत जागा आहे आणि तीच मशीनं चालवणाऱ्या मुलीसाठी नाही. हे बदलायला नवा कायदा लागत नाही, अनुदानाच्या नियमांत देखभाल आणि प्रशिक्षण असं एक सदर घालावं लागतं. केंद्र सरकारनं २०१५ मध्येच आपल्या कार्यालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं आहे. धोरण कागदावर आहे, माणूस कागदावर नाही.

तसं सदर घालावं अशी विनंती करणारं पत्र आम्ही खात्याला पाठवलं आहे, तालुक्यातल्या आणखी तीन वाचनालयांच्या सह्या घेऊन. तोवर मानधन सभासदांच्या वर्गणीतून देतो. ती मुलगी एक वही ठेवते, तारीख, मशीनचा नंबर, काय झालं, काय केलं. परवा मी ती चाळत होतो. शेवटची नोंद अशी होती: 'मशीन ७. सकाळपासून बीप. रॅम काढून खोडरबरनं पुसली. चालू. ओलीमुळे परत होईल, दर पंधरा दिवसांनी बघणे.'